रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला, तरी तपासणी चुकवू नका

कापडे गावाहून खारघरच्या टाटा केंद्रात तपासणीला जायचे म्हणजे अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी जाते. मग गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झालेल्या बाईला वाटते, ‘जवळच रक्त तपासले, रिपोर्ट नॉर्मल आहे. आता कशाला जायचे?’ हा समज धोक्याचा आहे.

या तपासणीचे नाव एस.सी.सी. अँटिजेन. 1977 साली जपानी संशोधकांनी शोधलेले हे प्रथिन या कर्करोगाच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात वाढते. उपचारानंतर ते उतरले आणि पुढे पुन्हा चढू लागले, तर रोग उलटल्याची किंवा पसरल्याची ती खूण असू शकते. म्हणून एका आकड्यावर जाऊ नये, आधीचे रिपोर्ट शेजारी ठेवून बघावे.

पण प्रत्येकीच्या रक्तात ते वाढतेच असे नाही. उलट सोरायसिस किंवा किडनीच्या आजारातही ते वाढते. त्यामुळे आकडा वाढला म्हणून घाबरू नका. खात्री स्कॅनने आणि तुकडा तपासूनच होते.

रोग उलटलाच तर बहुधा पहिल्या 2-3 वर्षांत. म्हणून पहिली 2 वर्षे साधारण दर 3-4 महिन्यांनी, पुढे 5 वर्षांपर्यंत दर 6 महिन्यांनी आतून तपासणी करून घ्यावी. अंगावरून रक्त किंवा घाण वासाचे पाणी जाणे, सतत कंबर दुखणे, एकाच पायाला सूज येणे, असे काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. वेळेत कळले तर काही जणींवर पुन्हा उपचार होऊ शकतात.

जाताना जुने सगळे कागद एका पिशवीत घ्या, आणि घरातले एक माणूस सोबत न्या.