गाव विकले, सीर राहिली

जुनी खरेदीखते वाचण्याचा नाद मला फार वर्षांपासून आहे. देशावरच्या खतांत 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप' असे सगळे मोजून घेणाऱ्याच्या पदरात टाकलेले असते. विकले म्हणजे विकले, मागे काही उरत नाही. मध्य प्रांतातला मालगुजार, म्हणजे सारा भरणारा गावमालक, गाव विकायचा तेव्हा मात्र निराळेच घडायचे. गाव घेणाऱ्याचे होई आणि विकणारा आपल्या शेतात नांगर धरून उभाच राही. तोही कायद्याने.

असे का, ते अहिवाऱ्यासारख्या गावावरून कळते. अहिवारा आज भिलाईच्या सावलीतले गाव म्हणून ओळखले जाते. हा सगळा दुर्गचा मुलूख. कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा या चार मातींवर इथली शेती चालते. भाठा म्हणजे मुरमाड माळ. त्यावर पाऊस ठरत नाही, पीक धरत नाही. जनावरे चारायची, एवढाच त्याचा उपयोग. एकाच्या वाट्याला सगळी कन्हार आणि दुसऱ्याच्या वाट्याला भाठा येऊ नये म्हणून छत्तीसगडात 'लाखाबाटा' होता: काही वर्षांनी गावातली शेते एकत्र करायची आणि प्रत्येकाला सगळ्या मातींचा तुकडा मिळेल अशी पुन्हा वाटणी करायची. जिथे शेतच कायमचे कोणाचे नाही, तिथे विकणार काय?

नागपूरकर भोसल्यांच्या अमलातही हे बदलले नाही. सुभेदार विठ्ठल दिनकर याने १७९० च्या सुमारास जुने गड मोडून परगणे पाडले, कमाविसदार नेमले. पण गावाचा गौंटिया सारा भरून देणारा प्रमुखच राहिला. मालक झाला तो इंग्रजी अमलात, १८६० नंतरच्या बंदोबस्तात. रायपूर जिल्ह्याचा बंदोबस्त जे. एफ. के. ह्युइट याने केला, आणि तेव्हा दुर्ग त्याच जिल्ह्यात होते. गौंटियाला मालगुजार म्हणून मालकी मिळाली, शेते नावावर चढली, लाखाबाटा गोठला. मालकी आली की गहाण आले आणि गहाण आले की सावकार आला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या लागोपाठच्या दुष्काळांनी पुढचे काम केले.

मला खरा रस आहे तो गावे अशी सावकाराकडे जाण्यावर सरकारने शोधलेल्या तोडग्यात. मालगुजाराची घरची शेती म्हणजे 'सीर'. १८९८ च्या कूळ कायद्याने तिला कवच दिले आणि १९२० च्या कायद्यात ते कलम ४९ म्हणून आले. मालकाने स्वखुशीने विक्री केली किंवा कोर्टाच्या हुकुमाने गाव गेले, तरी मालकी सुटताक्षणी तो आपल्याच सिरीचा मौरूसी, म्हणजे कायम वहिवाटीच्या हक्काचे, कूळ होई. वहिवाटीचा हक्कही विकायचा असेल, तर कलम ५० खाली महसूल अधिकाऱ्याची मंजुरी लागे. ती नसेल तर निबंधकाने खत नोंदवायचेच नाही. कालचा गौंटिया आज त्याच बांधावर सावकाराचे कूळ. वर्षाला खंड द्यायचा, पण उठायचे नाही. घेणाऱ्याच्या दृष्टीने हा सौदा म्हणजे वाडा विकत घ्यावा आणि जुना मालक माजघरात कायमचा बसलेला असावा, तसा.

मंजुरी कोणाला मिळे ते वाचून मला हसू आवरत नाही. विकणारा प्रामुख्याने शेतकरी नसेल, किंवा मिळकत स्वकष्टार्जित असेल, किंवा गेल्या वीस वर्षांतच हाती आली असेल, तर मंजुरी द्यायची. म्हणजे दहा वर्षांपूर्वी गाव घेतलेला सावकार सिरीसकट सगळे विकून मोकळा होऊ शके. ज्याच्या आज्याने ती कसली, त्या शेतकऱ्याला मात्र कचेरीत जाऊन आपण फारसे शेतकरी नाही हे पटवावे लागे. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण ज्याच्या पायात बेडी घातली, त्यालाच ती राखणदारी म्हणून सांगितली. मुंबई इलाख्यात १९०१ साली जमीन महसूल कायद्यात जमीन विकण्यावर बंधन आणणारी दुरुस्ती आली, तेव्हा फिरोजशहा मेहता आणि गोखले कौन्सिलातून उठून गेले होते. शेतकऱ्याची पतच बुडेल, हा त्यांचा मुद्दा. सुप्याचा १८७५ चा सावकारांविरुद्धचा दंगा आठवणाऱ्यांना तो पटला नसेल. मला निम्मा पटतो.

गोठलेल्या लाखाबाट्याने आणखी एक घोळ मागे ठेवला. एकेका खातेदाराची शेते गावभर विखुरलेली. त्यावर उपाय म्हणून मध्य प्रांताने १९२८ साली चकबंदीचा, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याचा, कायदा केला. ब्रिटिश हिंदुस्थानातला असा तो पहिलाच कायदा, आणि तो छत्तीसगडासाठीच लागू झाला. निम्म्या कायम हक्कदारांनी, तेही दोन तृतीयांश जमीन धारण करणाऱ्यांनी, होकार दिला की बाकीच्यांवरही चकबंदी बंधनकारक.

मग १९५१. मालगुजारी रद्द करणाऱ्या १९५० च्या मध्य प्रदेश कायद्याने ३१ मार्च १९५१ ला गावे सरकारजमा केली. अहेरीच्या जमीनदारांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, पण १९५२ मध्ये कायदा टिकला. त्यातली यादी वाचताना देशावरची खरेदीखतेच डोळ्यांपुढे येतात: गवताळ रान, झुडपी जंगल, झाडे, विहिरी, तळी, पाणवाटा, हाट, बाजार, जत्रा, खाणी आणि खनिजे. हे सगळे सरकारचे. मालकाकडे काय राहिले? घर आणि घरची शेती, म्हणजे १९४८-४९ च्या वार्षिक कागदांत सीर व खुदकाश्त (मालकाने स्वतः कसलेली) म्हणून लागलेली जमीन. १८९८ च्या कायद्याने गाव आणि सीर यांच्यात जी रेघ ओढली होती, त्याच रेघेवर ही कात्री चालली. फक्त घेणारा बदलला होता. १९४८-४९ या एका वर्षाच्या कागदांत पटवाऱ्याने काय लिहिले, यावर घराण्यांचे बरेवाईट ठरले आणि त्यावरचे दावे नागपूरच्या उच्च न्यायालयात पूर्णपीठापर्यंत गेले.

अहिवाऱ्याच्या बाबतीत त्या यादीतला शेवटचा शब्द सर्वांत महागाचा निघाला. २ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत संघाशी भिलाईच्या कारखान्याचा करार झाला. पोलादाला चुनखडक लागतो आणि तो अहिवाऱ्याला लागून नंदिनीच्या खाणीत आहे. ज्या माळाला कोणी किंमत देत नव्हते, त्या भागाच्या पोटात तो होता. करार होण्याच्या चार वर्षे आधीच गावातली खनिजे सरकारच्या नावावर चढलेली होती.