पत्र्याखालचा दुसरा लॅपटॉप

नवा लॅपटॉप दुकानात येण्याआधी त्याची एक विलक्षण परीक्षा होते. त्याच्यातून नकळत बाहेर सांडणाऱ्या रेडिओलहरी मोजल्या जातात, कारण शेजारच्या रेडिओत किंवा टीव्हीत त्यांनी खरखर आणता कामा नये. घरगुती वापराच्या यंत्रांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा अशी: 30 ते 230 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, 10 मीटर अंतरावर, दर मीटरला सुमारे 32 मायक्रोव्होल्ट. व्होल्टचे दहा लाख भाग करा, त्यातले 32 घ्या. इतकी क्षीण गोष्ट मोजायची तर भिंती, झाडं, तारा, मोबाइलचे टॉवर यांच्यापासून दूरची मोकळी जागा हवी. अशा जागेला ओपन एरिया टेस्ट साइट म्हणतात. आणि तिथं सगळ्यात जास्त डोकं लढवलेलं असतं ते पायाखालच्या जमिनीवर.

लॅपटॉपपासून निघालेली लहर अँटेनापर्यंत दोन वाटांनी पोचते. एक सरळ, दुसरी जमिनीवर आपटून. ही दुसरी वाट बंद करता येत नाही. बरं, माती काही एकसारखी वागत नाही. मे महिन्यातली भेगाळलेली काळी माती आणि जुलैमधली ओली गच्च काळी माती, दोन्ही लहरींना वेगवेगळं परतवतात. मग तोच लॅपटॉप उन्हाळ्यात नापास आणि पावसाळ्यात पास, असंही होऊ शकेल.

यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा मला आजही थक्क करतो. परावर्तन टाळता येत नाही ना? मग ते पूर्ण होऊ द्या. जमिनीवर धातू अंथरा, म्हणजे लहर जवळपास सगळी परत येईल, बारा महिने सारखीच, आणि ती किती येणार हे कागदावर आधीच काढता येईल. या धातूच्या पटाला ग्राउंड प्लेन म्हणतात.

गणिताच्या दृष्टीनं मग तिथं दोन लॅपटॉप असतात. खरा लॅपटॉप टेबलावर, पटापासून 80 सेंटिमीटर वर. दुसरा बरोबर तेवढाच पटाच्या खाली, जिथं प्रत्यक्षात नुसती माती आहे. अँटेनाला दोघंही दिसतात. अँटेना आडवा धरला तर खालच्याची लहर उलटी होऊन येते, उभा धरला तर सुलटी.

आकडे घालून बघू. 1000 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 30 सेंटिमीटर. लॅपटॉपपासून 10 मीटरवर आडवा अँटेना, जमिनीपासून 1 मीटर उंच. दोन वाटांच्या लांबीत फरक पडतो सुमारे 16 सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण अर्धी तरंगलांबी. उलटी होऊन आलेली लहर आणखी अर्ध्या तरंगानं मागं पडली की पुन्हा सुलटी होते, त्यामुळे दोन्ही एकमेकींत मिळतात आणि क्षेत्र जवळपास दुप्पट होतं. आता अँटेना 1.9 मीटरवर न्या. फरक होतो 30 सेंटिमीटर, आणि दोन्ही लहरी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. तोच लॅपटॉप, तेवढंच अंतर, आणि सूचक शांत! 2.9 मीटरच्या आसपास आवाज परत येतो. म्हणूनच प्रत्येक मोजणीत अँटेना 1 मीटरपासून 4 मीटरपर्यंत वर चढवतात, लॅपटॉप पूर्ण गोल फिरवतात, आणि सगळ्यात मोठा आकडा धरतात.

हा पट किती सपाट हवा? इथं माझा अंदाज साफ चुकला असता. वाटतं, अंतर वाढलं की सपाटपणाही जास्त लागेल. प्रत्यक्षात उलटं आहे. 1000 मेगाहर्ट्झपर्यंत मोजायचं तर 3 मीटरच्या जागेवर साधारण 4.5 सेंटिमीटरपर्यंतचा खडबडीतपणा चालतो आणि 10 मीटरच्या जागेवर 8.4 सेंटिमीटर. कारण लहर जितकी तिरपी येते तितका पृष्ठभाग तिला गुळगुळीत भासतो. सूर्य मावळतीला टेकला की खडीचा रस्ताही चकाकतो, तसंच.

पटाला भोकं असली तरी चालतात, फक्त ती तरंगलांबीच्या दहाव्या भागापेक्षा लहान हवीत. 1000 मेगाहर्ट्झला हा भाग 3 सेंटिमीटरचा. याच तत्त्वावर नारायणगावजवळ खोडदला रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या स्टीलच्या बारीक तारांच्या जाळीनं मढवल्या. रेडिओलहरींना ती जाळी सलग दिसते आणि वारा मात्र आरपार जातो.

अमेरिकेत बोल्डर इथल्या राष्ट्रीय मानक संस्थेनं आपल्या साइटसाठी हीच युक्ती वापरली. समतल काँक्रीटवर 60 मीटर लांब, 30 मीटर रुंद अशी जस्त चढवलेल्या तारेची जाळी ताणली, भोकं जेमतेम 6 मिलिमीटरची. पावसाचं पाणी त्यातून निथळून जातं. पण उन्हात धातू प्रसरण पावतो, आणि अर्ध्या एकराला थोडीच कमी भरणारी जाळी फुगून वर आली तर सगळं गणित बिघडलं. म्हणून तिच्या कडेनं सगळीकडे स्प्रिंग लावल्या आणि त्यांनी ती एकसारखी ताणून धरली. मोजमापाच्या जगात इतकी साधी आणि इतकी देखणी युक्ती मी फार थोडी पाहिली आहे.

पत्रे वापरले तर त्रास सांध्यांचा. दोन पत्र्यांमधली लांबट फट स्वतःच अँटेनासारखी वागू लागते, म्हणून सांधे वेल्डिंग करून बुजवतात. लॅपटॉप फिरवणारी गोल चकतीही धातूची, पटाच्या अगदी पातळीत, आणि तिच्या कडेला धातूचे ब्रश, म्हणजे फिरतानाही पटाशी संपर्क तुटत नाही. पटाच्या कडाही अशाच काळजीच्या: धातू एकदम संपला तर तिथून लहरी विखुरतात. म्हणून कडा जमिनीत गाडलेल्या सळयांना किंवा जाळीला जोडतात.

आणि आजूबाजूला किती जागा मोकळी ठेवायची? उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. लॅपटॉप आणि अँटेना या दोन नाभी मानून एक लंबवर्तुळ काढायचं, लांबी अंतराच्या दुप्पट. 10 मीटरसाठी ते 20 मीटर लांब आणि 17.3 मीटर रुंद होतं. लंबवर्तुळाच्या कडेवरच्या कुठल्याही बिंदूवर आपटून आलेली लहर बरोबर 20 मीटर चालते, म्हणजे सरळ वाटेच्या दुप्पट. बाहेरच्या झाडावरून आलेली त्याहून जास्त. तोवर ती बरीच दमलेली असते.

आता बरीचशी मोजणी बंद दालनांत होते. त्यांच्या भिंतींवर आणि छतावर लहरी शोषणारे सुळके असतात, जमीन मात्र अजूनही धातूचीच. ते दालन 30 ते 1000 मेगाहर्ट्झच्या मोजणीला योग्य ठरवायचं तर तिथली मोजमापं आदर्श मोकळ्या मैदानाच्या गणिताशी ताडून बघतात. फरक 4 डेसिबलच्या पुढं गेला की दालन नापास.