थंड खोलीतील अतिनील दिवा : उपयोग आणि मर्यादा

विरारवरून धावणारी मुंबई-गांधीनगर वंदे भारत गाडी ३० सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली. चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेच्या शिफारशीनुसार तिच्या छतावरील वातानुकूलन यंत्रात अतिनील (जंबुपार) किरणांनी हवा शुद्ध करण्याची सोय केलेली आहे. फुले, भाजीपाला साठविण्याच्या आपल्या थंड खोलीतही असा दिवा बसवावा, असे आपल्याला वाटणे साहजिक आहे. मात्र खर्च करण्यापूर्वी त्याचे काम समजून घ्यावे.

या दिव्यातून सुमारे २५४ नॅनोमीटर लांबीच्या लहरी निघतात. त्या जिवाणू, विषाणू व बुरशी यांच्यातील आनुवंशिक द्रव्य बिघडवितात, त्यामुळे त्यांची वाढ थांबते. जिवाणू लवकर मरतात. काळ्या बुरशीचे बीजाणू मात्र फार चिवट असतात. पंख्याच्या झोतातील हवा दिव्यासमोर क्षणभरच राहते. म्हणून दिवा भिंतीवर टांगण्यापेक्षा कूलिंग कॉइलसमोर बसविणे अधिक फायद्याचे. कॉइल सतत ओली असते, तिच्यावर बुरशीचा थर चढतो आणि पंखा तेच बीजाणू मालावर उडवितो. तेथे किरण रात्रंदिवस एकाच जागी पडतात.

किरण सरळ रेषेत जातात. क्रेटच्या आड किंवा फळाच्या आत शिरलेली कूज त्यांना सापडत नाही. पिकत्या केळ्यांतून निघणारा इथिलीन वायूही साधा दिवा काढीत नाही. केळी व फुले वेगळीच ठेवावीत. आमच्या मते पहिला खर्च कॉइल व पाण्याची नळी साफ करण्यावर, क्रेट धुऊन उन्हात वाळविण्यावर करावा, दिवा त्यानंतर.

दिवा ओझोन न सोडणाराच मागावा. ओझोनमुळे खोकला येतो, फुलांनाही इजा होते. उघड्या दिव्याकडे पाहिल्यास डोळ्यांना गंभीर इजा होते व कातडी भाजते, म्हणून दार उघडताच दिवा बंद होईल असे बटण बसवून घ्यावे. किरणांनी प्लॅस्टिक, रबर व वायरचे आवरण ठिसूळ होते. ते आडोशाला घ्यावे.

दिवा साधारण ९,००० तास, म्हणजे सतत चालू ठेवल्यास वर्षभर काम देतो. त्यानंतर निळा उजेड दिसत राहतो, पण जंतू मारण्याची शक्ती घटलेली असते. तेव्हा बसविल्याची तारीख त्यावर लिहून ठेवावी. आत पारा असल्याने जुना अथवा फुटलेला दिवा उकिरड्यावर किंवा शेतात टाकू नये.