भोग या शब्दाचे दोन अर्थ

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ (शके 1051 च्या सुमारास) मराठी अभ्यासकांना परिचित आहे तो प्रामुख्याने त्यातील प्राचीन मराठी गीतांमुळे. तुलनाकारांनी त्यातील ‘अन्नभोग’ हा अध्यायही वाचावयास हवा. तेथे रानडुकरापाठोपाठ शेतातील व नदीकाठचे काळे, पुष्ट उंदीर राजाच्या पानात येतात. शेपटीला धरून कढत तेलात केस झडेपर्यंत तळावेत, गरम पाण्याने धुवावेत. किंवा सळईवर निखाऱ्यांत भाजून मीठ, जिरे, सुंठ भुरभुरावी. लेखनात कोठेही संकोच नाही. उलट बिहारमधील मुसहरांना हाच प्राणी जातिनामातच चिकटला आणि अवहेलनेचे कारण ठरला.

मांस एकच, भेद आहे तो निवडीचा. पाककृती हा प्रकार मुळात निवड गृहीत धरतो. म्हणूनच शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ (2015) मला महत्त्वाचे वाटते. मराठवाड्यातील महार-मांगांचे जेवण ते आत्मकथनाच्या जोडीने पाककृतीच्याच रूपात मांडतात. चान्या, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या, तेथे कृतीसह येतात, आणि त्या साठवून का ठेवाव्या लागत, तेही येते. मराठीत ‘भोग’ म्हणजे उपभोग, तसेच वाट्याला आलेले दुःखही. सोमेश्वराच्या संस्कृतला यांपैकी पहिलाच अर्थ पुरेसा होता.