सफेद टेप, आटे आणि पेट्रोलचा वास: नायट्रसच्या फिटिंगमधली गळती

हेडफोन घरी राहिले असतील तर हरकत नाही, आजचा एपिसोड इथे वाचा.

लोणावळ्याच्या पुढे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ या ड्रॅग रेस झाल्यात. पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर, सरळ सुसाट. त्या बघून आमच्या मावळातल्या ग्रुपला नायट्रसचं वेड लागलं. एका मित्राने जुन्या गाडीला किट बसवायला घेतलं, फक्त ट्रॅकसाठी हां. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात.

आधी बेसिक. नायट्रस ऑक्साइड इंजिनच्या उष्णतेने फुटतं आणि जास्तीचा ऑक्सिजन मिळतो. मग पेट्रोलही जास्त लागतं. म्हणून ‘वेट’ किटमध्ये पेट्रोलची वेगळी लाइन, सोलेनॉइड आणि बारीक भोकाचा जेट असतो. हे पेट्रोल कमी पडलं की मिश्रण लीन होतं आणि पिस्टन वितळू शकतो.

आम्ही पंप चालू केला आणि दोन मिनिटांत वास! सोलेनॉइडजवळचं फिटिंग ओलं. मी इंजिनिअर ना, घरच्या नळाची सफेद टेप आणली, गुंडाळली, पाना मारला. परत लीक. अजून टेप, अजून जोर. शेवटी वडगावच्या एका जुन्या मेकॅनिककाकांनी हात धरला. म्हणाले, “अरे, आधी सांग, हा जोड सील कुठे होतो?”

सगळी गोष्ट या एका प्रश्नात आहे. जोड दोन प्रकारचे असतात.

पहिला, निमुळत्या आट्यांचा, म्हणजे एनपीटी. इथे आटेच एकमेकांत दाबून सील होतात. तरी आट्यांच्या टोकाशी गोल गोल जाणारी बारीक वाट उरतेच. ती बुजवायला सीलंट लागतो.

दुसरा, फ्लेअरचा, म्हणजे एएन. इथे ३७ अंशांचा शंकू समोरच्या शंकूवर बसतो आणि तिथेच सील होतो. आटे फक्त दाबून धरतात. यांना टेप लावून काही उपयोग नाही. गळत असेल तर शंकूवर ओरखडा किंवा कचरा शोधा. एसी-फ्रिजच्या कामातली फ्लेअर फिटिंग ४५ अंशांची असतात, ती इथे चालत नाहीत.

आमचा जोड एनपीटी होता, पण एक फिटिंग आणलं होतं हार्डवेअरच्या दुकानातून. आपल्याकडे तिथे बहुतेक बीएसपी मिळतं. पाव इंचाच्या निम्म्या, म्हणजे १/८ साइजमध्ये एनपीटीला इंचाला २७ आटे, बीएसपीला २८. कोनही वेगळा, ६० आणि ५५ अंश. दोन-तीन फेरे छान जातं, मग अडकतं. आपल्याला वाटतं टाइट झालं. सीलंटने हा बग फिक्स होत नाही, फिटिंगच बदलावं लागतं.

आता योग्य पद्धत:

१. जुना सीलंट ब्रशने साफ करा. तुकडा आत जाऊ देऊ नका.

२. टेप नको. तिचा एक धागा जेटमध्ये अडकला तर पेट्रोल कमी, सोलेनॉइडमध्ये अडकला तर तो उघडाच राहील. पेट्रोल आणि इथेनॉल सहन करणारी थ्रेड सीलंट पेस्ट घ्या. फक्त बाहेरच्या आट्यांवर, पुढचे दोन आटे कोरे सोडून लावा.

३. हाताने घट्ट, मग पान्याने साधारण दीड ते दोन फेरे. कोपरा जुळवायला उलटं फिरवू नका, सील तुटतं. तसं झालंच तर काढून, साफ करून पुन्हा. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी जास्त जोराने तडकते.

४. पेस्ट डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या.

टेस्ट करताना इंजिन थंड आणि बंद, नायट्रसची बाटली बंद, जागा मोकळी, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. पंप चालू करून प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावा. इंजिन बंद असताना पेट्रोलचा सोलेनॉइड उघडू नका, इनटेकमध्ये पेट्रोल भरेल. त्याच्या पुढचे जोड या टेस्टमध्ये कळत नाहीत. ती लाइन काढून, पेट्रोल पूर्ण रिकामं करून, कमी दाबाची हवा आणि साबणाचं पाणी वापरून तपासा.

आम्ही फिटिंग बदललं, पेस्ट लावली, रात्रभर ठेवलं. सकाळी टिश्यू कोरडा! टेप लावून तसंच निघालो असतो तर गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकलं असतं, आणि पुढची गोष्ट सांगायची गरज नाही.

तेव्हा पाना उचलायच्या आधी विचारा, सील कुठे होतो? भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!