सांडपाण्याची नळी उंच का?

पंप असलेल्या वॉशिंग मशीनच्या सांडपाण्याच्या नळीचे तोंड टबातील पाण्याच्या पातळीखाली राहिले, तर पंप बंद असतानाही पाणी वाहत राहते आणि मशीन कितीही पाणी घेत राहिले तरी टब भरत नाही. पिंपातून नळीने रॉकेल काढताना घडते तेच येथे घडते: उतरत्या भागातील पाणी वजनाने खाली ओढले जाते, त्यामागे दाब घटतो आणि टबावरील हवेचा दाब आणखी पाणी नळीत ढकलतो. या क्रियेला वक्रनलिका किंवा सायफन म्हणतात. म्हणूनच नळी बहुधा ६० ते १०० सेंटिमीटर उंच नेतात. भिंतीतील पाइपात ती घट्ट चिकटवणे मात्र चुकीचेच, कारण भोवतीच्या फटीतून शिरणारी हवाच हा प्रवाह तोडते. पंप नसलेल्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनची नळी मात्र जमिनीलगतच हवी.