समूहाचा विनय : आभासी जगातील खासगीपण व सुरक्षितता

वसई-विरार परिसरात विहाराचे बरेचसे कामकाज आज मोबाइलवरील समूहांतून चालते. पौर्णिमेच्या वंदनेची सूचना, निधनवार्ता, रक्ताची निकड, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, वधू-वरांची परिचयपत्रे हे सर्व व्हॉट्सॲपच्या समूहात येते. पहाटेच्या लोकलने मुंबईस जाणाऱ्या आणि रात्री परतणाऱ्या उपासक-उपासिकांस रोज विहारात येणे शक्य नसते. त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. परंतु भिंती नसलेल्या या सभागृहात उच्चारलेला शब्द कोठवर जातो आणि त्याने कोणाचे अहित होते, याचा विचार होणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तो करू इच्छितो.

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच परिसरात घडला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले. तिच्या मैत्रिणीने त्यास केवळ पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली आणि पहिल्या तरुणीच्या नातलगाच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. या घटनेनंतर श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला.

आपल्या समाजास या हक्काचे मोल अधिक आहे. आडनावावरून जात शोधणाऱ्या समाजव्यवस्थेत खोली भाड्याने घेणारे कुटुंब किंवा नव्या नोकरीत रुजू झालेला तरुण आपली ओळख केव्हा व कोणास सांगावी, हे स्वतः ठरवू इच्छितो. समूहातील छायाचित्राचा वा संभाषणाचा स्क्रीनशॉट कोणी बाहेर पाठविला, तर तो निर्णय त्याच्या हातून काढून घेतला जातो. परिचयपत्राचेही तसेच आहे. त्यात मुलीचे छायाचित्र, पत्ता, दूरध्वनी आणि नोकरीचे ठिकाण असते. ते दहा समूहांत फिरल्यावर कोणाच्या हाती पडले, हे घरच्यांनाही कळत नाही. पाठलाग व छळ हे गुन्हे आहेत. परंतु कायदा बहुधा अहित घडून गेल्यावर धावून येतो. समूहात विश्वासाने ठेवलेली गोष्ट आधीच जपणे हे समूहाचेच काम आहे.

अशी जबाबदारी भिक्खुसंघाने फार पूर्वी ओळखली होती. पातिमोक्खातील पाचित्तिय नियम या दृष्टीने वाचनीय आहेत. चहाडी करून भिक्खूंमध्ये फूट पाडणे हा दोष मानला आहे. भांडण चालू असता आडून उभे राहून इतरांचे बोलणे ऐकणे हाही दोष आहे. एखाद्या भिक्खूची गंभीर आपत्ती संघाच्या संमतीवाचून अनुपसंपन्न व्यक्तीस सांगणे हा नववा पाचित्तिय होय. आजच्या भाषेत सांगावयाचे तर एकाचे बोलणे दुसऱ्याकडे पोहोचविणे, समूहात गुपचूप राहून टेहळणी करणे आणि आतील गोष्ट चव्हाट्यावर नेणे, हे तिन्ही दोष येथे आले.

येथे कोणी विचारील, खासगीपणाच्या नावाखाली अपराध्यास आसरा मिळणार नाही काय? शंका रास्त आहे. विशेषतः स्त्रियांना रात्री-अपरात्री संदेश पाठवून त्रास देणारा मनुष्य समूहातलाच असेल तेव्हा. परंतु त्याच नियमावलीतील चौसष्टावा पाचित्तिय, जाणूनबुजून दुसऱ्याची गंभीर आपत्ती झाकणाऱ्यासही दोषी धरतो. दोन्ही नियम एकत्र वाचले म्हणजे आशय स्पष्ट होतो. गंभीर गोष्ट बाजारात न्यावयाची नाही आणि दडपावयाचीही नाही. ज्यांना न्याय करण्याचा अधिकार आहे, त्यांच्यापुढे ती ठेवावयाची. आज पीडितेसाठी ते स्थान म्हणजे पोलीस ठाणे व न्यायालय होय. समाजाच्या अब्रूचे कारण सांगून तिला गप्प बसविणे हे झाकण्याच्या दोषातच मोडते.

बेपर्वा शब्द जीवही घेतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीच्या पाच जणांना जमावाने ठार केले. असे संदेश तेव्हा मोबाइलवरून सर्वत्र फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राने घातलेली मर्यादा वेग कमी करते. संदेश खरा की खोटा हे पाठविणाऱ्यासच तपासावे लागते.

नालासोपारा येथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी आठव्या व नवव्या लेखांचे अवशेष सोपाऱ्यास मिळाले आहेत. त्याच मालिकेतील बारावा लेख वाचेच्या संयमाचा उपदेश करतो. या भूमीवरील समूहांनी तो आचरणात आणावा, असे आम्हास वाटते.

त्यासाठी चार गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत. परिचयपत्र समूहात न टाकता विहारातील जबाबदार व्यक्तीकडे द्यावे आणि मागणाऱ्याची ओळख पटल्यावरच पुढे पाठवावे. लहान मुलांची छायाचित्रे पालकांस विचारल्यावाचून प्रसृत करू नयेत. समूहाच्या व्यवस्थापकांत किमान एक स्त्री असावी, म्हणजे तक्रार सांगण्यास संकोच वाटणार नाही. पैशाची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे; जितका विलंब होईल तितकी रक्कम परत मिळणे कठीण होते. हे नियम येत्या पौर्णिमेस वंदनेनंतर सर्वांसमक्ष वाचून त्यांस संमती घ्यावी.